पुन्हा स्कॅन कशाला? : एक प्रस्तावना

कॅन्सरचं निदान झालेल्या माणसाचे पहिल्या दोन महिन्यांत जितके फोटो निघतात, तितके त्याआधीच्या अख्ख्या आयुष्यात निघालेले नसतात. छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, कुणाचा बोन स्कॅन, कुणाचा पेट-सीटी, आणि शेक द्यायचं ठरलं तर त्याच्या आखणीसाठी आणखी एक सीटी. केमोच्या काही सायकल झाल्या की पुन्हा तेच. या धावपळीत घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी, मोबाइलवर वाचतं की या किरणांनीच कॅन्सर होतो. मग त्या रात्री घरात कुणाचाच डोळा लागत नाही.

सुरतेत क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून मी नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न माझ्यापाशी येत राहिला. डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही, म्हणून लोक मशीनवाल्याला विचारतात, तेही पेशंटला टेबलावर झोपवून झाल्यावर, दारात उभं राहून, हळू आवाजात. लिंबायत, नवागाम, डिंडोली, उधना इथल्या आपल्या माणसांची अडचण आणखी वेगळी. नंदुरबार, अमळनेर, पारोळा, शिरपूर अशा गावांतून यातली कितीतरी घरं इथं आली आणि लूमवर, डाइंग मिलमध्ये, साड्यांच्या मार्केटात रुळली. त्यांच्या हातात पडणारा फॉर्म गुजरातीत, रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर समजावणार हिंदीत आणि घरी बोलायची अहिराणी. इतक्या भाषांतून गाळून येईपर्यंत सल्ल्यातला अर्धा भाग सांडतो. उरतो तो एकच शब्द, 'रेडिएशन'. ही पुस्तिका मराठीत निघते आहे याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तिच्या आधी चार शब्द लिहायला मिळाले हा मी माझा मान समजतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्कॅनच्या किरणांचा धोका खरा आहे. तो नाहीच असं सांगणारा तंत्रज्ञ किंवा डॉक्टर रुग्णाला फसवतो. पण कॅन्सरच्या रुग्णासाठी तो बहुतेक वेळा लहान असतो, आणि तो नुसता मोजून काही उपयोग नाही. या स्कॅनमुळे उपचारात काय बदलणार, याच्या शेजारी ठेवूनच तो तोलायचा असतो. जो स्कॅन उपचाराची दिशा ठरवतो तो भीतीपोटी टाळणं महागात पडतं. ज्या स्कॅनने काहीच बदलणार नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आता मोजमापाकडे येऊ. शरीरात गेलेल्या किरणांचा परिणाम मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, दगड, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण यांच्यामुळे जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतच असते. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा ०.१ किंवा त्याहूनही कमी. दोन्ही स्तनांच्या मॅमोग्राफीची अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या आसपास. छातीच्या सीटीची ५ ते ७, पोट आणि ओटीपोटाच्या सीटीची ८ ते १०, बोन स्कॅनची ४ ते ६. पेट-सीटीत दोन्हीकडून किरण येतात. इंजेक्शनमधल्या किरणोत्सारी साखरेचे साधारण ७, आणि सोबतचा सीटी हलका घेतला की पूर्ण ताकदीचा, यावर एकूण आकडा १० च्या थोडा पुढे थांबतो किंवा २५ पर्यंत जातो. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण अजिबात नसतात. एमआरआयचा मोठा आवाज ऐकून अनेकांना तेच सगळ्यात घातक मशीन वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सुरतेपासून सुमारे ८० किलोमीटरवर काक्रापारचं अणुवीज केंद्र आहे. ११ मार्च २०१६ रोजी तिथल्या पहिल्या अणुभट्टीत गळती झाली आणि भट्टी बंद करावी लागली. बाहेरची पातळी मर्यादेतच असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं, तरी तेव्हा सोनोग्राफीला आलेल्या बायकासुद्धा मला काक्रापारबद्दल विचारत. विचारायलाच हवं. पण आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा केंद्रामुळे सामान्य नागरिकाला मिळू शकणाऱ्या मात्रेवर वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, आणि पोटाच्या एका सीटीत तिच्या आठ-दहापट मात्रा जाते. दूरच्या केंद्राची धास्ती घेणारं घर आपल्या माणसाचे वर्षभरात किती सीटी झाले हे टिपून ठेवत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे.

मग दहा मिलिसिव्हर्टने होतं काय? आपली बरीचशी माहिती हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांकडून आली आहे. १९५० पासून सुमारे १,२०,००० लोकांची नोंद ठेवून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला गेला. मोठ्या मात्रेला कॅन्सर वाढतो हे त्यातून स्पष्ट झालं. लहान मात्रेचा अंदाज त्याच रेषेवरून खाली उतरत काढतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मांडलेला हिशेब सोपा आहे. १० मिलिसिव्हर्टच्या एका सीटीने पुढे कधीतरी जीवघेणा कॅन्सर होण्याची शक्यता २,००० मध्ये १ ने वाढते. तिथल्या २,००० माणसांपैकी ४०० जण तसेही कॅन्सरने जातात, म्हणजे ४०० चे ४०१ होतात. ती रेष इतक्या खालीही सरळच जाते का, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे जमिनीतूनच कितीतरी जास्त किरण येतात. तिथल्या जवळपास ७०,००० लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००९ मध्ये अहवाल आला, त्यात त्या किरणांमुळे वाढलेला कॅन्सर दिसला नाही. तिथे मात्रा आयुष्यभर थेंबाथेंबाने मिळते आणि सीटीत काही सेकंदांत मिळते, हा फरक आहेच.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र पुरावा आता बराच ठोस आहे. युरोपातल्या नऊ देशांत बावीस वर्षांच्या आत सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख मुला-तरुणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या मात्रेने १०,००० मुलांचे सीटी केले तर पुढच्या बारा वर्षांत त्यांतल्या एक-दोघांना त्या किरणांमुळे रक्ताचा कॅन्सर होईल, असा त्याचा निष्कर्ष आहे. मुलांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे जगायची वर्षंही पुष्कळ असतात. म्हणून मूल टेबलावर असेल तेव्हा आई-वडिलांनी एवढं तरी विचारावं: याच्याऐवजी सोनोग्राफी किंवा एमआरआय चालेल का, आणि मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावलं आहे का? कन्सोलवर मुलांसाठी वेगळे प्रोटोकॉल असतात. ते निवडायला अर्धं मिनिटही लागत नाही. गर्दीच्या दुपारी, पुढचे पेशंट बाकावर ताटकळत असताना, तेवढं अर्धं मिनिट काढायची आठवण कुणी करून दिली तर चांगल्या तंत्रज्ञाला राग येत नाही.

साठीतल्या माणसाचं गणित निराळं. किरणांमुळे होणारा घन गाठीचा कॅन्सर दिसायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. ज्याच्या तोंडातली गाठ आज मानेपर्यंत पोचली आहे, त्याच्यासमोर प्रश्न या वर्षाचा आहे. लूमच्या बारा तासांच्या पाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू खाणारे, आणि पुढे तोंडाचा कॅन्सर घेऊन आलेले किती जण मी पाहिले. त्यांच्यापैकी कुणी किरणांना घाबरून मानेचा सीटी नाकारला की माझा जीव तुटायचा. त्या सीटीवर सर्जन ठरवतो की जबड्याचं हाड ठेवता येईल का, मानेच्या कुठल्या गाठी काढायच्या, मुळात ऑपरेशन शक्य तरी आहे का.

शेकाच्या आखणीच्या सीटीलाही काही जण नको म्हणतात. "आधीच शेक, त्यात वर हे?" असा त्यांचा सूर असतो. स्तनाच्या कॅन्सरला आज पुष्कळ ठिकाणी १५ बैठकांत ४० ग्रे मात्रा देतात (ग्रे हे अवयवाने शोषलेल्या किरणांचं माप). सीटीत अवयवाला मिळते ती दहा-वीस मिलिग्रे, म्हणजे शेकाच्या मात्रेपुढे हजारोपटींनी कमी. आणि हृदय नि फुप्फुस त्या ४० ग्रेच्या वाटेतून बाजूला कसं ठेवायचं, हे याच सीटीवरून ठरतं. इथे लहान मात्रा मोठ्या मात्रेपासून वाचवते.

स्कॅनमुळे उपचार कमी झाल्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण हॉजकिन लिम्फोमाचं आहे. हा बऱ्याचदा तरुणांना होणारा आजार. बरं होणारे पुष्कळ, म्हणून पुढच्या दुष्परिणामांची काळजीही जास्त. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केमोच्या दोन सायकलनंतर पेट-सीटी केला. ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला त्यांच्यातल्या निम्म्यांचं ब्लिओमायसिन हे फुप्फुसाला इजा करणारं औषध तिथेच थांबवलं. आजारावरचा परिणाम जवळपास तसाच राहिला आणि फुप्फुसांचा त्रास कमी झाला. त्या एका पेट-सीटीची मात्रा मी डोळे झाकून मान्य करेन. पण तोच रुग्ण पूर्ण बरा झाल्यावर, काही तक्रार नसताना, दर सहा महिन्यांनी 'खात्रीसाठी' पेट-सीटी करायचा म्हणाला, तर मी त्याला डॉक्टरांशी पुन्हा बोलायला सांगेन. लिम्फोमासाठी २०१४ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही असे पहाऱ्याचे स्कॅन करू नयेत असाच कल आहे.

या 'खात्रीच्या' स्कॅनबद्दल थोडं मोकळेपणाने लिहायला हवं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये टाळायच्या गोष्टींची यादी काढली. त्यात होतं की सुरुवातीच्या टप्प्यातल्या, पसरण्याचा धोका कमी असलेल्या स्तनाच्या कॅन्सरला पेट, सीटी, बोन स्कॅन लावू नयेत, आणि उपचार संपल्यावर लक्षणं नसताना तेच स्कॅन पुन्हा पुन्हा करू नयेत. मॅमोग्राफी चालू ठेवायची, ती वेगळी. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडनेही २०१९ मध्ये कॅन्सर उपचारात काय टाळावं याची दहा कलमी यादी काढली. वृषणाच्या सेमिनोमा प्रकारात ऑपरेशननंतर नुसतं लक्ष ठेवायचं असतं, तिथे सात स्कॅनऐवजी तीन पुरतात आणि सीटीऐवजी एमआरआयही चालतो, असं २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवलं. म्हणजे स्कॅन कमी करणं ही कंजुषी किंवा हेळसांड नव्हे. तोही अभ्यासाने ठरवलेला उपचारच आहे.

आपल्या देशात जास्तीच्या स्कॅनची आणखी एक किंमत मोजावी लागते, तिच्याबद्दल पाश्चात्त्य पुस्तकांत फारसं सापडत नाही. पेट-सीटीत जिथे साखर जास्त ओढली जाते ती जागा उजळते, आणि क्षयाच्या गाठीही साखर ओढतात. छातीतली एखादी टीबीची गाठ उजळली की घरचे हादरतात. मग सुई घालून तुकडा काढणं, आणखी सीटी, तीन आठवड्यांची वाट. निघतो शेवटी टीबी. आजार पसरल्याची खरी शंका असेल तर हे सोसावंच लागतं. शंकाच नसताना ते ओढवून घेणं मला पटत नाही.

आणि मग पुन्हा पुन्हा होणारे तेच स्कॅन. डिंडोलीच्या एक मावशी आठवतात. वय पन्नाशीच्या पुढे, अंडाशयाचा कॅन्सर. पोटाचा सीटी गावाकडे झाला होता. मग सुरतेत दुसऱ्या ठिकाणी तोच पुन्हा झाला, कारण आधीची सीडी उघडली नाही. तीन आठवड्यांनी तिसऱ्या ठिकाणी पुन्हा तीच चिठ्ठी लिहून मिळाली. टेबलावर चढायच्या आधी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, आते कितला फोटो काढशात मना?" मी त्यांची साड्यांच्या दुकानाची पिशवी उघडली. फिल्मा चार घड्या घालून कोंबलेल्या, रिपोर्टवर चहाचा डाग आणि सीडी कव्हराशिवाय, ओरखडे पडलेली. पण दुसऱ्या स्कॅनचा पावती-नंबर होता. त्या सेंटरला फोन केला तेव्हा तासाभरात सगळ्या प्रतिमा संगणकावर आल्या. डॉक्टरांनी त्या पाहिल्या, तिसरा सीटी रद्द केला आणि ऑपरेशनची तारीख दिली. पोटाच्या सीटीत डाय देऊन बऱ्याचदा एकाच वेळी तीन-चार फेरे घेतात, आणि प्रत्येक फेऱ्याची मात्रा वेगळी मिळवावी लागते. मावशींच्या आधीच्या दोन स्कॅनमध्ये मिळून असे किती फेरे झाले होते, ते मी मोजले तेव्हा मला माझ्याच धंद्याची लाज वाटली.

सीटीची मात्रा मोजता येते, हे लोकांना माहीतच नसतं. सीटीच्या प्रतिमांच्या अखेरीस मशीन स्वतः एक पान तयार करतं. त्यावर 'डीएलपी' नावाचा आकडा असतो. पोटाच्या सीटीत त्याला ०.०१५ ने गुणलं की अंदाजे मिलिसिव्हर्ट मिळतात. ६०० असेल तर ९. हे पान सीडीत असतं, फिल्मवर सहसा छापत नाहीत. मागितलं तर द्यायला काहीच हरकत नसते.

एक गैरसमज शिकलेल्या नातेवाइकांत फार दिसतो. आम्हा तंत्रज्ञांच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, आणि आमच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० ही हद्द आहे. ते वाचून मुलगा म्हणतो, "वडिलांची लिमिट संपली, आता स्कॅन नको." रुग्णासाठी अशी हद्द ठेवलेलीच नाही, आणि त्यामागे विचार आहे. आम्हाला त्या किरणांचा काही फायदा नसतो, रुग्णाला असतो. आकडा भरला म्हणून गरजेचा स्कॅन नाकारला तर नुकसान रुग्णाचंच. त्याच्यासाठी नियम दोन. स्कॅनला कारण हवं, आणि काम भागेल इतकीच मात्रा हवी. हद्द नाही याचा अर्थ हिशेब नाही असा कुणी घेऊ नये. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात ९ कोटी ३० लाख सीटी झाले, आणि त्यांतून पुढे सुमारे १,०३,००० कॅन्सर उद्भवतील असा अंदाज २०२५ मध्ये मांडला गेला. एकेका माणसासाठी लहान असलेला धोका देशभर मिळवला की असा दिसतो. आपल्याकडेही सीटी मशीन आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली आहेत. त्याने लोकांचे जीव वाचतात, आणि म्हणूनच त्यांचा वापर विचाराने व्हावा असं मला कळकळीने वाटतं.

पेट-सीटीच्या दिवसाबद्दल घरच्यांसाठी थोडं. इंजेक्शनमधल्या साखरेला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे रात्रीपर्यंत शरीरात जवळपास काही उरत नाही. तोवर भरपूर पाणी प्यावं, लघवीला वरचेवर जावं. सून किंवा लेक पोटुशी असेल तर त्या दिवशी सोबतीला दुसऱ्या कुणाला पाठवावं, आणि तान्ह्या नातवाला संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊ नये. दुसऱ्या दिवशी खुशाल घ्यावं. महिनोन्महिने आजीपासून नातवंडं दूर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्या दुराव्याची काहीही गरज नव्हती. स्वतः रुग्णच गरोदर असेल, किंवा पाळी चुकली असेल, तर ते कुठल्याही एक्स-रे किंवा सीटीच्या आधी सांगावं. सासूसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर आतल्या सिस्टरच्या कानात सांगावं.

या पुस्तिकेत पुढे प्रत्येक तपासणीबद्दल सविस्तर वाचायला मिळेल, म्हणून मी थांबतो. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न मात्र इथेच लिहून देतो, अगदी जसाच्या तसा तोंडपाठ करता येईल असा: "साहेब, या स्कॅनमध्ये अमुक दिसलं तर काय कराल, आणि नाही दिसलं तर काय कराल?" दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आली तर स्कॅन करून घ्या, उशीर लावू नका. एकच उत्तर आलं तर, आता लगेच करायलाच हवा का, एवढं पुन्हा विचारा. शेवटची काही पानं कोरी ठेवली आहेत. त्यांवर तारीख, सेंटरचं नाव, शरीराचा भाग, किती फेरे आणि डीएलपी लिहा, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी चिठ्ठी दाखवायच्या आधी ती पानं दाखवा. फिल्मांना घड्या घालू नका, आणि सीडीची एक प्रत घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.